बिझी नावाचा आळस

गेल्या उपवासकाळात एका रात्री मी पप्पांबरोबरचं अख्खं व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट केलं आणि त्यात 'बिझी' हा शब्द शोधला. असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. लॉग समोर असला की त्यात काहीतरी शोधावंसं वाटतं, ही सवय आमच्या धंद्यानं लावलेली आहे. एका वर्षात ४७ वेळा. जवळजवळ प्रत्येक वेळी तेच वाक्य : 'बिझी आहे, नंतर करतो.' नंतर किती वेळा केला हे मोजायला स्क्रिप्ट लिहायची गरज नव्हती, मला माहीत होतं.

पण खरी टोचणी त्या आकड्याची नव्हती. पप्पांचे मेसेज वाचत खाली गेलो तर वर्षाच्या सुरुवातीला ते नुसते फोटो पाठवायचे. वाडीतल्या केळीला आलेला घड, विहिरीत चढलेलं पाणी, पहिल्या बहराचा सोनचाफा. पावसाळ्यानंतर प्रत्येक फोटोच्या आधी एक ओळ येऊ लागली : 'बिझी नसशील तर बघ.' घरी आम्ही कादोडी बोलतो, मेसेज मात्र ते शाळेत शिकल्यासारख्या शुद्ध मराठीत लिहितात. त्यामुळे ते वाक्य आणखीच परकं वाटलं. एखाद्या साहेबाला अर्ज करावा तसं. या माणसानं ३१ वर्षं वसईहून चर्चगेटला लोकलनं ये-जा केली, घरी आल्यावर वाडीला पाणी लावलं, आणि बिझी आहे असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही.

तर या लेखाचा मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लवकर येईल. माझ्या पिढीचं बिझी असणं हे बहुतांशी कष्ट नाहीत. तो आळस आहे. आळसाचा सगळ्यात चलाख, सगळ्यात टापटीप कपडे घातलेला प्रकार. आणि हे मला कुठल्या प्रॉडक्टिव्हिटीच्या पुस्तकानं सांगितलेलं नाही. ज्या धर्मात मी वाढलो आणि ज्याला मी बराच काळ रविवारचा एक तास समजत होतो, त्यानं सांगितलं.

आधी समोरच्या बाजूचं ऐकून घेऊ. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले की देशाच्या प्रगतीसाठी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखवली, वर घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असंही विचारलं. मीम्स झाली, आम्ही ती फॉरवर्ड केली, आणि फॉरवर्ड करून पुन्हा लॅपटॉप उघडला.

मला त्या दिवशी बायबलमधला फारो आठवला. 'निर्गम'च्या पाचव्या अध्यायातली गोष्ट आहे. मोशे आणि अहरोन फारोकडे जाऊन म्हणतात, आमच्या लोकांना अरण्यात जाऊन देवाचा सण साजरा करायला सुट्टी दे. फारोचं उत्तर अस्सल मॅनेजमेंटचं आहे. तो म्हणतो, हे लोक आळशी झालेत, म्हणून त्यांना सण सुचतोय. मग तो हुकूम काढतो : विटांसाठी लागणारा पेंढा यापुढे सरकारी खात्यातून मिळणार नाही, तो मजुरांनी स्वतः गोळा करायचा, पण विटांचा आकडा तेवढाच राहिला पाहिजे. रिसोर्स कमी, टार्गेट तेच. आणि आकडा भरला नाही तेव्हा फटके कुणी खाल्ले? मजुरांवर नेमलेल्या इस्राएली मुकादमांनी. आजच्या भाषेत टीम लीडनी.

या गोष्टीतली माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची बाब पेंढा नाही. फारोला विटा हव्या आहेत हे उघडच आहे, पण त्याहून जास्त त्याला एक गोष्ट नको आहे. या लोकांनी थांबून आपण कुणाचे आहोत हा प्रश्न विचारणं. कामानं भरलेल्या डोक्यात तो प्रश्न शिरत नाही. एवढं कळायला फारो व्हावं लागत नाही, कॅलेंडर पुरतं.

आता दुसरी बाजू. आमच्या कंपनीत दर बुधवारी दुपारी वीस मिनिटांचं माइंडफुलनेस सेशन असतं. कॅमेरा बंद, डोळे बंद, एक गोड आवाज श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो. मी दोन वर्षं ते सेशन म्यूटवर लावून कोड रिव्ह्यू केले. त्याच्या बाजूनं एक इंजिनिअरिंगचा युक्तिवादही आहे आणि तो खोटा नाही. कुठलाही शहाणा माणूस सर्व्हर शंभर टक्के लोडवर चालवत नाही. लोड शंभराच्या जवळ जायला लागला की रांगेत थांबण्याचा वेळ सरळ रेषेत वाढत नाही, तो आभाळाकडे उडतो. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये थ्रॅशिंग नावाची अवस्था असते : मेमरी कमी पडते, मशीन सगळा वेळ डिस्कवरून पानं आत आणण्यात आणि बाहेर टाकण्यात घालवतं. बाहेरून बघणाऱ्याला डिस्कचा दिवा सतत लुकलुकताना दिसतो. आत काम शून्य होत असतं. सेकंड इयरला हे शिकलो तेव्हा परीक्षेपुरतं शिकलो, नोकरी लागल्यावर ते माझं चरित्र आहे हे कळलं.

पण हा युक्तिवाद कुठे नेतो बघा. विश्रांती घ्या, कारण मग काम चांगलं होईल. झोपा, म्हणजे सोमवारी विटा जास्त पडतील. हा सुधारलेला फारो आहे. पेंढा देतो, वर ध्यानाचं अ‍ॅप देतो, विटांचा हिशेब मात्र त्याच्याच वहीत. कुणी म्हणेल, असू दे ना, विश्रांती तर मिळते. मिळते. पण ज्या विश्रांतीचा हेतू पुन्हा काम हाच आहे, तिच्यात मी कुणाचा हा प्रश्न तितकाच बंद राहतो. मी तेव्हाही मशीनच असतो, फक्त व्यवस्थित मेन्टेन केलेलं.

आळस हा शब्द मी जाणूनबुजून वापरला, त्याचं कारण सांगतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे ख्रिस्ती तपस्वी होते. त्यांच्यातल्या इव्हाग्रियसनं माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यातल्या एकाला तो 'अकेडिया' म्हणतो. हा दुपारचा सैतान. भर दुपारी तो खोपटात येतो, सूर्य जागचा हललेलाच नाही असं वाटायला लावतो, तपस्वी पुन्हा पुन्हा बाहेर डोकावून जेवणाची वेळ झाली का बघतो, ही जागा नको, दुसरीकडे गेलो तर बरं होईल असं त्याला वाटू लागतं. नोटिफिकेशन नसतानाही फोन उचलून बघणाऱ्या कुणालाही हे वर्णन परकं वाटायचं कारण नाही. त्याचाच वारसा पुढे नेणारा जॉन कॅसियन एक बारीक गोष्ट टिपतो. अकेडियाचा झटका आलेला तपस्वी नेहमी झोपत नाही. त्याला अचानक चांगली कामं सुचतात. अमक्या आजाऱ्याला भेटून यायला हवं, तमक्या बंधूची विचारपूस करायला हवी, एका निराधार धार्मिक बाईला मदत करायला हवी. सगळी पुण्याची कामं. फक्त त्या घटकेला त्यानं जिथे बसायला हवं, तिथे न बसण्याची ती सबबही असते.

पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यानं अकेडियाला कुठल्या आज्ञेच्या विरोधात बसवलं माहीत आहे? आपल्याला वाटेल, काम करण्याच्या आज्ञेच्या. तर नाही. शब्बाथ पाळण्याच्या, म्हणजे थांबून देवात विसावण्याच्या आज्ञेच्या. हे वाचलं तेव्हा मी ऑन-कॉल होतो, रात्रीचे अडीच वाजले होते, अलर्ट खोटा निघाला होता, आणि झोप येत नव्हती म्हणून मी उगाच बॅकलॉगमधली तिकिटं या कॉलममधून त्या कॉलममध्ये सरकवत होतो.

आता 'पारख' या शब्दाकडे येतो. चर्चमध्ये त्याला विवेक किंवा विवेचन असे भारदस्त शब्द आहेत. मला पारख बरा वाटतो, नाणं खरं की खोटं ते वाजवून बघण्यासारखा.

ही विद्या ज्यानं शिकवण्याजोगी केली तो इग्नेशियस लोयोला मूळचा शिपाईगडी, दिखाऊ. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं आणि गुडघ्याखाली बाहेर आलं, तर घट्ट बूट नीट दिसणार नाहीत म्हणून त्यानं ते पुन्हा कापून घेतलं, भूल नसण्याच्या काळात. असा हा माणूस महिनोन् महिने खाटेवर पडला. वाचायला शौर्यकथा मागितल्या, घरात मिळाली ती ख्रिस्ताच्या चरित्राची आणि संतांच्या गोष्टींची पुस्तकं. मग तो आळीपाळीनं दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एक, एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी काय काय पराक्रम करीन त्याची. दुसरं, संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. रंगवताना दोन्हींत सारखाच आनंद. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं, दुसऱ्यानंतर मात्र ते भरलेलं राहायचं. एक दिवस हा फरक त्याच्या लक्षात आला. पुढे जगभर पसरलेल्या येशूसंघाचं आणि त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाचं बीज या एका निरीक्षणात आहे, असं मला वाटतं. गोष्ट करताना कसं वाटतं ते सोडून द्या, करून झाल्यावर मागे काय उरतं ते बघा. ओल की कोरड.

त्या पुस्तकात एक गंमत आहे जी कुठल्याही इंजिनिअरला आवडेल. एखादा दोष काढून टाकायचा असेल तर इग्नेशियस दिवसातून दोनदा स्वतःची तपासणी करायला सांगतो आणि चुकलेल्या प्रत्येक वेळेचा ठिपका ओळीवर मांडायला लावतो. प्रत्येक वाराच्या दोन ओळी, आठवड्याचा तक्ता, मग कालच्याशी आजची तुलना, या आठवड्याशी त्या आठवड्याची. सोळाव्या शतकातला डॅशबोर्ड! पण रोजच्या मोठ्या तपासणीची सुरुवात तो दोषापासून करत नाही. ती आभारापासून होते. आज काय मिळालं. मग प्रकाश मागायचा, आणि मग दिवस तासातासानं मागे सरकवत बघायचा.

मी हे शिकलो पुण्यातल्या एका वयस्कर येशूसंघीय फादरांकडून. गेलो होतो ते राजीनाम्याला आशीर्वाद घ्यायला. माझं सगळं ठरलं होतं. नोकरी सोडायची, वसईला परत जायचं, वाडी करायची. माझ्या वयाच्या निम्म्या इंजिनिअरांच्या डोक्यात ही वाडी असते, ज्यांच्याकडे सात-बारा नाही त्यांच्याही. फादरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, तू आत्ता बुडतोयस. बुडणाऱ्यानं घर कुठं बांधायचं ते ठरवू नये." इग्नेशियसचा हा नियमच आहे : मन कोरडं असताना आधी केलेला निर्धार बदलू नका. मग त्यांनी मला तीन दिवसांचं मौन दिलं, फोन त्यांच्या टेबलाच्या खणात, आणि त्यानंतर रोज रात्री पंधरा मिनिटांची तपासणी. तीन महिने. कसलाही निर्णय न घेता.

पहिल्या दिवशी मौनात मला शांती वगैरे काही मिळाली नाही. खिशात नसलेला फोन थरथरत होता. दुसऱ्या दिवशी रडू आलं, त्याचं कारण मला अजून नीट सांगता येत नाही आणि इथे सांगायची गरजही नाही.

तीन महिन्यांत वहीत जे उमटलं त्यानं मात्र मी चक्रावलो. माझी अपेक्षा होती की ऑफिसच्या रकान्यात कोरड असेल आणि चर्चच्या रकान्यात ओल. उलटं निघालं. ऑफिसमध्ये दमणूक होती, वैताग होता, पण एखादा किचकट बग सुटला किंवा नव्या मुलीला काही शिकवलं की रात्री मन भरलेलं असायचं. कोरड होती ती आमच्या धर्मग्रामातल्या युवा गटाच्या कामात. मी त्या गटाचा टेक्निकल माणूस. मिस्साचं लाइव्हस्ट्रीम माझ्याकडे, युवा मेळाव्याचे फॉर्म माझ्याकडे, नाताळच्या कार्यक्रमाचे पोस्टर, सणाचे व्हिडिओ, चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. दर पंधरा दिवसांनी वसईला जायचो तो स्टेशनवरून थेट चर्चच्या हॉलमध्ये. घरी जेवायला आणि झोपायला. आणि वहीत त्या रविवारांपुढे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली : कुणी कौतुक केलं का, किती व्ह्यूज आले, माझं नाव घेतलं का, नाही घेतलं तर का नाही. देवाच्या कामातून मी दगड होऊन परतत होतो. इग्नेशियस एका ठिकाणी म्हणतो की चांगल्या वाटेवरच्या माणसाला चांगली प्रेरणा स्पर्शते तेव्हा थेंब स्पंजावर पडल्यासारखा पडतो, आणि वाईट प्रेरणा स्पर्शते तेव्हा तो दगडावर आपटतो, आवाज करतो. माझ्या रविवारांना फार आवाज होता.

म्हणून मी नोकरी सोडली नाही, युवा गटाची कमिटी सोडली. आता इथे माझ्याच लोकांशी माझं भांडण आहे. ऑफिसातून राजीनामा दिला असता तर 'हिंमत लागते' असं म्हणणाऱ्यांनी, कमिटीचा राजीनामा दिल्यावर माझ्या श्रद्धेबद्दल विचारपूस केली. एका काकांनी आईला सांगितलं, पुण्याला गेल्यापासून पोरगा बदलला. खुद्द एका धर्मगुरूंनी विचारलं, तुझ्यासारख्यानं वेळ नाही म्हटलं तर कसं व्हायचं? मी वेळ नाही म्हणालोच नव्हतो. वेळ होता. आमच्या चर्चच्या कॅलेंडरकडे एकदा बघा : मेळावा, स्पर्धा, शिबिर, सत्कार, सहल, त्या प्रत्येकाची मीटिंग, मीटिंगचा फोटो. सहा महिन्यांत एक संध्याकाळ नुसतं शांत बसण्यासाठी ठेवलेली दिसली तर मला दाखवा. फारोच्या विटांवर क्रूस कोरला म्हणून त्या प्रार्थना होत नाहीत.

यावर हमखास मार्था-मरिया येतात. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू घरी आला असताना मार्था कामात गढलेली, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली. प्रवचनात ऐकतो की मार्थानं स्वयंपाक केला म्हणून ती चुकली. तसं तिथे कुठेच नाही. स्वयंपाक कुणीतरी करायलाच हवा होता, येशूही जेवणारच होता. तिचं चुकलं कुठे ते तिच्या तक्रारीत दिसतं. ती पाहुण्याला सांगते, हिला सांग मला मदत करायला. स्वतः बिझी असणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही. दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवत नाही. ७० तासांचा सल्ला असो की पोराची श्रद्धा आटली ही काळजी, मूळ हेच.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. हे सगळं मौन आणि वही वगैरे पगारी इंजिनिअरचे चोचले आहेत. ज्या मुलाला दिवसाचे पैसे सुटण्यासाठी अमुक इतक्या ऑर्डर पोचवाव्याच लागतात त्याला ओल-कोरड काय विचारता? बरोबर. आणि म्हणूनच शब्बाथची आज्ञा मला या सगळ्या संतांपेक्षा जास्त बोचते. ती 'अनुवाद' पुस्तकात दुसऱ्यांदा येते तेव्हा कारण बदलतं. तू थांब, म्हणजे तुझा दास आणि दासी यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळेल, कारण तूही इजिप्तमध्ये गुलाम होतास. यादीत बैल आहे, गाढव आहे, गावात राहणारा परका माणूसही आहे. म्हणजे माझी सुट्टी माझी एकट्याची असूच शकत नाही. आपल्याकडचा रविवारही काही चर्चनं प्रसादासारखा वाटलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं मुंबईच्या गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं झगडून तो मिळवला, १० जून १८९० रोजी. त्या कामगारांतल्या कित्येकांसाठी रविवार खंडोबाचा वार होता. सुब्रह्मण्यन साहेबांना खटकणाऱ्या रविवारामागे एवढं सगळं आहे.

आणि मी काय करत होतो? मौनातून परत आल्याच्या पहिल्याच रविवारी, मन कसं शांत शांत असताना, दहा मिनिटांत येणारी कोथिंबीर मागवली. पावसात भिजलेला मुलगा दारात उभा, मी आत मेणबत्ती लावलेली. त्या रात्री वहीत पहिली ओळ तीच पडली. तेव्हापासून रविवारी काही मागवत नाही. यानं त्या मुलाचा दिवस सुटतो असा माझा दावा नाही, कदाचित त्याची एक ऑर्डर बुडते. हा गुंता मला सुटलेला नाही. पण आधी तो दिसतसुद्धा नव्हता.

कामाचे तास माझे फारसे कमी झालेले नाहीत. रिलीजच्या आठवड्यात अजूनही बारा-बारा तास होतात. 'बिझी' हा शब्द तेवढा लिहायचा बंद केला. त्याऐवजी जे असेल ते लिहायचं : मीटिंगमध्ये आहे, साडेआठला सुटेन. किंवा : बोलायचा मूड नाही, उद्या बोलतो. दुसरं लिहायला पहिल्यांदा फार जड गेलं. बिझी हा शब्द किती गोष्टी झाकत होता ते तेव्हा कळलं.

परवा संध्याकाळी साडेआठला पप्पांना फोन केला. मागे पाण्याचा आवाज.

"अरे, आत्ता नको," ते म्हणाले, "पंप लावलाय, केळीला पाणी सोडलंय. लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अर्ध्या तासानं कर."

मी बरं म्हणालो. गॅलरीत खुर्ची टाकली, फोन उपडा मांडीवर ठेवला, आणि अर्धा तास बसून राहिलो.